रोगप्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटते तेव्हा

(बीड येथे युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात एका पॅथॉलॉजिस्ट भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, इम्युनिटी कशी वाढवावी यावर बोला." मी म्हटलं, बोलते, पण हा प्रश्नच मला पटत नाही, एवढं सांगायची परवानगी द्या. कोविड आल्यापासून इम्युनिटी ही चीज आपल्याकडे किराणा दुकानात मिळायला लागली. काढा, मध, कलौंजीचं तेल, च्यवनप्राश, पावडरी, सगळ्यांच्या डब्यावर तोच एक शब्द. जणू मोबाइलची बॅटरी आहे, वीस टक्क्यांवर आली की चार्जिंगला लावायची.

मी अंबाजोगाईला शिकले आणि आता इथे बीडमध्ये लॅब चालवते. दिवसभर माझ्यासमोर रक्ताच्या नळ्या असतात. त्यात असे पेशंट नेहमी येतात ज्यांची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. ती जोरात चालू आहे, आणि तीच त्यांचे सांधे, त्यांची किडनी, त्यांचं थायरॉइड खाते आहे. यात बहुतेक बायका असतात. घरी याला अशक्तपणा म्हणतात, नजर म्हणतात, कामचुकारपणाही म्हणतात. आज मी या बायकांसाठी बोलणार आहे. पण त्यांचं दुखणं समजायचं तर आधी एका पेशीची ओळख करून घ्यावी लागेल. तिचं नाव बी पेशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी ही एक. अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, तयार करणं हे तिचं काम.

हे "बी" कुठून आलं? त्याचं उत्तर चिकनच्या दुकानात आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी तो धंदा असेल तर त्याने पाहिलंही असेल. कोंबडीच्या शेपटीकडे, विष्ठेच्या वाटेच्या वरच्या अंगाला, आत एक छोटी पिशवीसारखी गाठ असते. ती साफसफाईत फेकली जाते. इटलीतल्या फॅब्रिशियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने चारशे वर्षांपूर्वी तिची नोंद केली, म्हणून तिला "बर्सा ऑफ फॅब्रिशियस" म्हणतात. बर्सा म्हणजे पिशवी. तिचं काम काय हे कुणालाच माहीत नव्हतं.

१९५०च्या दशकात अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा एक संशोधक विद्यार्थी या पिशवीच्या मागे लागला. त्याने पिलांच्या पिशव्या काढून टाकल्या आणि काय होतं ते पाहत बसला. काहीच झालं नाही. कोंबड्या वाढल्या, खात-पीत राहिल्या. मग टिमोथी चँग या त्याच्या सहकाऱ्याला वर्गात दाखवायला कोंबड्या हव्या होत्या. जंतू टोचले की रक्तात अँटीबॉडी कशा तयार होतात, हे त्याला विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. त्याने ग्लिकच्याच कोंबड्या नेल्या. प्रयोग फसला, अँटीबॉडी दिसेनात. ज्या कोंबड्यांची पिशवी काढली होती, त्यांच्यातच त्या तयार होत नव्हत्या. दोघांनी लेख लिहिला. 'सायन्स' या मोठ्या नियतकालिकाने तो परत पाठवला, तेव्हा १९५६ साली तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला. कोंबडीपालनाच्या मासिकात! माणसाच्या वैद्यकातला इतका मोठा शोध बरीच वर्षं तिथेच पडून राहिला. "बी" हे त्या बर्साचं बी.

पोल्ट्री शेड चालवणाऱ्यांना "गंबोरो" हा शब्द सांगावा लागत नाही. तो विषाणू नेमका याच पिशवीतल्या बी पेशी मारतो. वाचलेल्या पिलाला मग दुसरे रोग गाठतात आणि त्याला दिलेल्या लसीही नीट लागू पडत नाहीत. म्हणजे बी पेशी गेल्या तर काय होतं हे आपल्या शेतकऱ्याला पक्कं ठाऊक आहे, फक्त तिचं नाव त्याला कुणी सांगितलेलं नाही.

माणसाला ती पिशवी नसते. आपल्या बी पेशी हाडांच्या आतल्या गरात तयार होतात. नळी निहारी खाताना नळी ताटलीवर आपटून आपण जो गूदा काढतो, तसलाच. फक्त मोठ्या माणसात हे काम जास्त करून कमरेचं हाड, छातीचं हाड, फासळ्या, मणके इथे चालतं.

आता या पेशीची खरी गंमत. रस्त्याच्या कडेला चावीवाला बसलेला असतो ना, तो कुलूप बघून चावी कानसतो. बी पेशी उलटं करते. तिने कुलूप पाहिलेलंच नसतं. प्रत्येक नवी बी पेशी आपल्या जीनचे तुकडे इकडचे तिकडे जोडून एक चावी बनवते, निव्वळ योगायोगाने कुठली तरी. जपानी शास्त्रज्ञ सुसुमु टोनेगावा यांना हे तुकडे कसे जुळवले जातात ते शोधल्याबद्दल १९८७चं नोबेल मिळालं. अशा कोट्यवधी वेगवेगळ्या चाव्या आपल्या अंगात फिरत असतात. ज्या जंतूने अजून जगात पाऊलच ठेवलेलं नाही, त्याचीही चावी एखाद्या पेशीकडे आधीच तयार असू शकते. कोविडचा विषाणू आपल्या पणजोबांनी पाहिला नव्हता, तरी आपल्यातल्या काही पेशींना तो लागू पडला, तो असा.

जंतू आत आला आणि एखाद्या पेशीची चावी त्याला बसली, की ती पेशी जवळच्या गाठीत जाते आणि वाढू लागते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, आठवतंय? ते अवधाण म्हणजे हा कारखाना सुरू झाल्याची खूण. तिथे टी पेशी नावाच्या दुसऱ्या पेशी तिला मदत करतात. एकीच्या शेकडो होतात, चावी आणखी थोडी थोडी घासली जाते, आणि ज्यांची उत्तम बसते त्याच टिकतात. त्यातल्या काही अँटीबॉडी ओतणाऱ्या पेशी बनतात. एकेक पेशी सेकंदाला हजारो अँटीबॉडी सोडते. सुरुवातीच्या अँटीबॉडी आयजीएम जातीच्या, नंतरच्या आयजीजी. डेंग्यूच्या रिपोर्टवर हे दोन शब्द तुम्ही वाचले असतील. ढोबळमानाने, आयजीएम म्हणजे ताजा मामला आणि आयजीजी म्हणजे थोडा जुना.

उरलेल्या काही पेशी आठवण बनून बसतात. ही आठवण किती टिकते? १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ लहानपणी पाहिलेल्या काही म्हाताऱ्यांचं रक्त जवळपास नव्वद वर्षांनी तपासलं. २००८ साली त्याचा अहवाल आला. त्यांच्या अंगात त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी अजून होत्या.

लस या आठवणीचा फायदा घेते. यावर फार बोलत नाही, पण एक गोष्ट आपल्या लोकांच्या कामाची आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या खोलीत लस बनवली आणि जानेवारी १८९७मध्ये पहिली सुई स्वतःला टोचली. लोक घाबरलेले, अफवा भरपूर. तेव्हा एकोणीस वर्षांच्या आगाखानांनी, सुलतान मुहम्मद शाह यांनी, चारचौघांत स्वतःला लस टोचून घेतली आणि हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपली जागा दिली. हजारो खोजा मुसलमान त्यांच्यामागून पुढे आले. एकोणीस वर्षं! या हॉलमध्ये त्या वयाचे किती तरी जण बसलेले आहेत. आणि २०२२च्या शेवटी गोवरची साथ आली ती कुठे? गोवंडी, भिवंडी, मालेगाव. वस्त्या कुणाच्या हे मी सांगायला नको. दाटीवाटी होती, कुपोषण होतं, कोविडच्या काळात लसीकरण मागे पडलं होतं, आणि अफवाही होत्या. मुलं दगावली. गोवर अंगावर पुरळ उठवून जातो एवढंच आपण समजतो. तो बी पेशींची आठवणही पुसतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं गोवर येण्याआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तेव्हा कुणाच्या ११ टक्के तर कुणाच्या ७३ टक्के जुन्या अँटीबॉडी गायब झालेल्या दिसल्या. २०१९ची ही गोष्ट. पोरगं गोवरातून उठतं आणि आधी होऊन गेलेल्या आजारांपुढे पुन्हा कोरं होतं. पोल्ट्रीतल्या गंबोरोसारखंच काहीसं.

अँटीबॉडी उसनीही घेता येते. गाय-म्हशीच्या वासराला पहिला चीक पाजला नाही तर ते जगत नाही, हे आपल्याकडे कुणालाही विचारा. चिकात आईच्या अँटीबॉडी असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला फडात घोणस चावली तर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, तेही उसनंच, घोड्याकडून. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष थोडं थोडं टोचतात. त्याच्या बी पेशी अँटीबॉडी बनवतात, आणि त्याच्या रक्तातून त्या काढून आपल्याला देतात. आपल्या राज्यात हाफकिनचं नाव लागलेली संस्था वर्षानुवर्षं हे औषध बनवत आली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली निघाली तीही घोड्यांच्याच जोरावर. मात्र उसनं ते उसनं. घोड्याच्या बी पेशी घोड्यातच राहतात. पुढच्या वर्षी साप चावला तर पुन्हा दवाखाना गाठायचा. "मागे इंजेक्शन घेतलंय" हे चालत नाही.

इथवर सगळं छान वाटतं. आता चावीवाल्याकडे परत या. चाव्या न बघता कानसल्या तर त्यातल्या कितीतरी आपल्याच घरच्या कपाटाला बसणार, नाही का? तसंच होतं. हाडांच्या गरात नव्याने तयार होणाऱ्या बी पेशींपैकी निम्म्याहून जास्त पेशी सुरुवातीला आपल्याच शरीरातल्या कशाला तरी चिकटणाऱ्या असतात. रोग झालेल्या माणसाचं नाही सांगत मी, तुमचं-माझं सांगते. म्हणून शरीर तिथेच झडती घेतं. अशा पेशीला एक संधी मिळते, चावी पुन्हा कानसायची. नाही जमलं तर ती मारली जाते किंवा गप्प बसवली जाते. रक्तात उतरल्यावर आणखी एक गाळणी असते. ही झडती आयुष्यभर, रोज चालते. रोगप्रतिकारशक्तीचं मोठं काम हे आहे, स्वतःला आवरणं. डब्यावर हे कुणी छापत नाही, कारण ते विकता येत नाही.

आपलं काय आणि परकं काय, हे शरीर कसं ठरवतं याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. १९५२ साली केईएममध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे काही लोक सापडले ज्यांच्या रक्ताला कुठलंच रक्त चालेना. साध्या तपासणीत गट "ओ" दिसायचा, पण ओ गटाचं रक्तही त्यांना लागू होईना. आपल्या सगळ्यांच्या लाल पेशींवर "एच" नावाचा एक पदार्थ असतो, ओ गटवाल्यांच्या पेशींवरही. या लोकांत तो नव्हताच. त्यांच्या बी पेशींनी तो स्वतःच्या घरात कधी पाहिला नाही, म्हणून त्यांच्या लेखी तो परका. सगळ्या जगाचं रक्त परकं. याला आता जगभर "बॉम्बे ब्लड ग्रुप" म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. ईद-ए-मिलादला रक्तदान शिबिरं घेणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. तुमच्या यादीतला एखादा "ओ" कदाचित ओ नसेल.

हा गट आई आणि बाप दोघांकडून तो दुर्मीळ जीन मिळाला तरच होतो. त्यामुळे जवळच्या नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो. त्याच कारणाने बी आणि टी पेशींचे काही जन्मजात आजारही अशा घरांत जास्त दिसतात. बाळाला वरचेवर न्युमोनिया, कान फुटणं, गळवं होतात. हे फक्त आपल्यात होतं असं नाही. मराठवाड्यात मामाच्या मुलीवर हक्क सांगणारे सगळ्या धर्मांत आहेत. पण आपल्यात चुलत भावंडांपर्यंत मोकळीक आहे, तेव्हा आपण जास्त बोललं पाहिजे. शरियतने परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. एखाद्या घरात अशी दोन मुलं गेली असतील तर पुढचं लग्न ठरवण्याआधी तपासणी करावी. मुंबईला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे या आजारांचं निदान होतं.

आता ज्यांच्यासाठी आले त्या बायकांकडे येते. झडती कमी पडली, की आपल्याच घरावर चालणारी चावी रक्तात उतरते आणि अँटीबॉडी आपल्यावरच चालून जातात. याला ऑटोइम्यून आजार म्हणतात. झडती का कमी पडते? जीन, हार्मोन, एखादा विषाणू, धूम्रपान, ऊन, अशा अनेक गोष्टी मिळून. एका कारणावर बोट ठेवता येत नाही. अँटीबॉडी थायरॉइडवर गेल्या तर गोळी आयुष्यभर मागे लागते. आमवातात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, सांधे धरतात. ल्यूपसमध्ये तर पेशीचं केंद्रच निशाण्यावर येतं. त्वचा, सांधे, किडनी, मेंदू, काहीही सुटत नाही. ल्यूपसच्या दहा पेशंटांत नऊ बायका असतात, आणि त्यातल्या बहुतेक लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयातल्या.

आम्ही लॅबमध्ये एएनए नावाची तपासणी करतो. काचेवर वाढवलेल्या मानवी पेशींवर पेशंटचं रक्तद्रव टाकायचं, वर चमकणारा रंग जोडायचा, आणि अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीखाली बघायचं. पेशंटच्या अँटीबॉडी त्या पेशींच्या केंद्राला चिकटल्या असतील तर केंद्रं हिरवी पेटतात. दिसायला फार सुंदर दिसतं, आणि त्याच क्षणी पोटात गोळा येतो, कारण नळीवर वय लिहिलेलं असतं, १९, २२. पण एक लक्षात ठेवा. सौम्य प्रमाणात ही तपासणी शंभरातल्या साधारण तेरा धडधाकट माणसांतही पॉझिटिव्ह येते. तेच आर.ए. फॅक्टरचं. ती मुळात अँटीबॉडीवरच बसणारी अँटीबॉडी आहे. टीबीत, काविळीच्या काही प्रकारांत आणि म्हातारपणीही ती दिसते. तेव्हा रिपोर्टवर लाल अक्षर दिसलं की गुगल करून रडत बसू नका, आणि निगेटिव्ह आली म्हणून "हिला काही झालेलं नाही" असंही ठरवू नका. सांधे तपासणारा डॉक्टर लागतो.

आता दोन गोष्टी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक बाई आली. लग्नाला पाच वर्षं, तीन वेळा पोटातलं बाळ गेलेलं, तेही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. ताबीज झालं, दम करून झालं, दोन दर्गे झाले. घरात नवऱ्याच्या दुसऱ्या निकाहाची बोलणी सुरू झालेली. ती माझ्यासमोर बसली होती आणि तिच्या सोबतची बाई तिच्यादेखत मला म्हणाली, "इसकी कोख ही ठंडी है." मी फक्त रक्त घेतलं. अँटीफॉस्फोलिपिड नावाच्या अँटीबॉडी असतात. त्यांच्यामुळे वारेच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि बाळाचं पोषण तुटतं. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३मध्ये या आजाराचं चित्र मांडलं. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. बारा आठवड्यांनी पुन्हा करावा लागतो, तोही पॉझिटिव्ह. इलाज काय? कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि पोटात रोज हेपॅरिनचं इंजेक्शन, स्त्रीरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. या इलाजाने बहुतेक जणींचं बाळंतपण पार पडतं. तिच्या नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बारीक हातकामाची सवय, तो स्वतः सुई द्यायला शिकला. मुलगी झाली.

मला त्या मुलीचा आनंद आहेच. पण माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट फिरते. आपल्या जिल्ह्यात, आपल्या मोहल्ल्यांत, अशा किती बायकांच्या सवती आल्या असतील, किती जणी माहेरी धाडल्या गेल्या असतील, ज्यांच्या रक्तात हीच अँटीबॉडी होती आणि कुणी नळीभर रक्त काढलं नाही? तलाकवर आपण एवढी चर्चा केली, कायदा झाला, मोर्चे निघाले. त्या चर्चेत या तपासणीचं नाव मी कधी ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट एका मुलीची. कॉलेजात होती. उन्हात गेली की गालांवर लाल चट्टा, बोटं सुजायची, केस गळायचे. ल्यूपसचं निदान वेळेत झालं, गोळ्या सुरू झाल्या, तब्येत सुधारली. मग स्थळ आलं. घरच्यांनी ठरवलं, सांगायचं नाही. सासरी गोळ्या कुठून घेणार? बंद केल्या. वर्षाच्या आत पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. किडनी गेली होती. आता ती आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. तिच्या वडिलांवर मी रागावू शकत नाही. ज्या बाजारात मुलीची किंमत "निरोगी, गोरी, घरकाम येणारी" अशी लागते, त्या बाजाराला घाबरून त्यांनी ते केलं. मुलांनो, हे तुम्हाला सांगते आहे. लग्न तुमचंच ठरणार आहे. गोळ्या चालू असलेली ल्यूपसची बाई शिकते, नोकरी करते, आई होते. आजार शांत असताना, डॉक्टरला विचारून दिवस राहिले, तर बहुतेक वेळा सगळं नीट होतं.

इलाजाबद्दल थोडं. आपल्याकडे सांधेदुखीला "पुडीचं औषध" फार चालतं. तीन दिवसांत माणूस पळायला लागतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड वाईट नाही, जीव वाचवतं, पण ते मोजून द्यायचं आणि हळूहळू कमी करायचं औषध आहे. पुडीवर ना नाव, ना माप. तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. ल्यूपसचं मुख्य औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. हे नाव तुम्ही ऐकलंय, मार्च २०२०मध्ये. प्रतिकारशक्तीला आवर घालणारं हे औषध लोकांनी "इम्युनिटी"साठी म्हणून उचललं, आणि ज्या बायकांना ते रोज लागतं त्या मेडिकलमेडिकल हिंडत राहिल्या. यापेक्षा कडू विनोद मला सुचत नाही.

आता थेट बी पेशीवर चालणारी औषधंही आहेत. रिटक्सिमॅब ही स्वतः प्रयोगशाळेत बनवलेली अँटीबॉडी. ती बी पेशीच्या अंगावरचं सीडी-२० नावाचं चिन्ह ओळखून त्या पेशीला संपवते. १९९७ला अमेरिकेत ती कॅन्सरसाठी आली, २००६ला आमवातासाठी मंजूर झाली. २००७पासून हैदराबादची डॉ. रेड्डीज कंपनी भारतात तिची स्वस्त आवृत्ती बनवते. स्वस्त म्हणजे आपल्या हिशेबाने महागच.

त्यापुढची पायरी मुंबईत घडली. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना सीडी-१९ हे बी पेशीवरचं चिन्ह ओळखायला शिकवून, परत शरीरात सोडायचा इलाज तयार केला. नाव नेक्सकार-१९. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. आज तो बी पेशींच्या कॅन्सरसाठी आहे, ल्यूपससाठी नाही, आणि खर्च लाखांत, चाळीसच्या घरात. पण जर्मनीत एरलांगेनच्या डॉक्टरांनी याच पद्धतीने ल्यूपसच्या पाच गंभीर रुग्णांवर उपचार केले आणि २०२२मध्ये अहवाल दिला. पाचही जणांचा आजार शांत झाला, औषधं सुटली. काही महिन्यांनी त्यांच्या अंगात बी पेशी परत आल्या. नव्या, कोऱ्या. आजार मात्र तेव्हा परतला नव्हता. पाच म्हणजे फार थोडे, आणि हा इलाज धोक्याशिवाय नाही. तरी माझ्यासारखीला, जी रोज हिरवी केंद्रं बघते, हे वाचताना खुर्चीवरून उठावंसं वाटलं.

रमजानबद्दल मुली दरवेळी विचारतात म्हणून आधीच सांगते. बऱ्याच गोळ्या सहरी किंवा इफ्तारला घेता येतील अशा बसवता येतात, पण ते रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरशी बोलून ठरवा. पहिल्या रोज्याच्या दिवशी नको. आजार उसळलेला असेल तर रोजा ठेवू नका. आजाऱ्याला सवलत कुराणातच दिलेली आहे, ती नाकारून आपण जास्त नेक होत नाही. आणि स्टेरॉइड किंवा रिटक्सिमॅब चालू असेल तर कुठलीही लस घेण्याआधी विचारा. काही लसी तेव्हा चालत नाहीत, काही लागू पडत नाहीत.

शेवटचं, आणि हे लिहून घ्या. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहतात, उन्हाने गालावर चट्टा येतो, तोंडात वरचेवर फोड, महिनोन्‌महिने बारीक ताप, तीनदा गर्भपात, पायावर सूज, लघवीला फेस. यातलं काही अम्मीला, बहिणीला, वहिनीला असेल तर सुरुवात लघवीच्या साध्या तपासणीने करा. ती थोड्या पैशात होते, सरकारी दवाखान्यातही होते. लघवीत प्रोटीन दिसलं तर थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. किडनी दुखत नाही, म्हणून ती जाताना कळत नाही.

आता प्रश्न विचारा. मुलींच्या बाजूने सुरू करू. चिठ्ठीवर लिहून दिला तरी चालेल, नाव घालायची गरज नाही.